लांडग्याला काटा धरू देऊ नका

सोयाबीन कापायला आलं, पऱ्हाटीची पहिली वेचणी लागली की देवळी तालुक्यात एक काटा सगळीकडे दिसू लागतो. बैलाच्या शेपटीला, वेचणीच्या बायांच्या लुगड्याला, कापसाच्या गाठोड्याला, पोरांच्या गणवेशाला. बोराएवढा, लांबट, अंगभर वाकड्या आकड्यांचा. ओढून काढला तरी दोन-चार आकडे मागे राहतातच.

हे झाड नक्की कोणतं, याबद्दल मात्र गोंधळ आहे. मोबाइलवर फोटो टाकून शोधलं तर कधी ‘बर्डॉक’ असं नाव येतं, कधी ‘गोखरू’. बर्डॉकची मुळी जपानात भाजी म्हणून खातात आणि गोखरू आयुर्वेदात औषध आहे, हे वाचलं की पुढचे प्रश्न येतात. हे विकता येईल का? ढोरांना चारलं तर चालेल का? तणनाशक मारूनही दरवर्षी पुन्हा कसं उगवतं?

तुमच्या धुऱ्यावर उभं असलेलं ते झाड बहुतेक वेळा लांडगा असतं. ते विकलं जात नाही, त्याचं कोवळं रोप विषारी असतं, आणि त्याचा बंदोबस्त करायचा तर तो काटा धरण्याआधीच करावा लागतो. पुढचे सगळे निर्णय या तीन गोष्टींवर अवलंबून आहेत.

आधी ओळख पक्की करा

तीन वेगळी झाडं एकाच नावाखाली मिसळली जातात. शेतात जाऊन पुढील खुणा पडताळून पाहा.

- लांडगा (शंकेश्वर किंवा घागरा, पुष्कळ ठिकाणी नुसतं गोखरू): उभं वाढणारं, कमरेपर्यंत आणि मोकळी ओलसर जागा मिळाली तर छातीपर्यंत जाणारं एकवर्षीय झाड. पानं रुंद, खरखरीत, काठाला दातेरी, साधारण तीन भागांची. खोडावर जांभळट ठिपके. काटेरी फळं पानांच्या बगलेत झुपक्यानं लागतात. फळ कठीण आणि पूर्ण बंद असतं, टोकाला दोन चोची असतात आणि आत दोन बिया.
- सराटा (औषधातलं गोखरू): जमिनीवर पसरणारी वेल. बारीक, चिंचेसारखी जोडीनं लागणारी पानं, पाच पाकळ्यांची पिवळी फुलं. काटे सरळ आणि टणक असतात. ते चपलेत आणि सायकलच्या टायरमध्ये घुसतात. कपड्याला लटकत नाहीत.
- बर्डॉक: युरोप आणि आशियाच्या थंड भागातलं झाड; भारतात हिमालयात आणि काश्मीरकडे आढळतं. दोन वर्षांचं आयुष्य. पहिल्या वर्षी जमिनीलगत मोठ्या पानांचा घेर आणि खाली लांब सोटमूळ. दुसऱ्या वर्षी दांडा, जांभळी फुलं आणि आकड्यांची बोंडं. देवळीच्या शिवारात ते आपोआप उगवलेलं सापडणार नाही.

बर्डॉक आणि लांडगा एकाच कुळातले, सूर्यफूल आणि गाजरगवताच्या कुळातले. आकड्यांची युक्तीही सारखीच. १९४१ मध्ये स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांनी आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेली बर्डॉकची बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यातून बॅगा-बुटांवरच्या चिकटपट्टीची, म्हणजे वेल्क्रोची कल्पना निघाली. पण नातं असलं तरी वाढीची पद्धत वेगळी आहे. बर्डॉक एक अख्खं वर्ष मूळ भरण्यात घालवतो. लांडगा मृगाच्या पावसात उगवून दिवाळीपर्यंत काटे टाकून मोकळा होतो.

शंका उरली तर कोवळं रोप मुळासकट हळूच उपटून पाहा. लांडग्याच्या रोपाच्या बुडाशी जमिनीत जुन्या काट्याचं टरफल बहुधा चिकटलेलं सापडतं. यापेक्षा पक्की खूण दुसरी नाही.

वाढ समजून घ्या, पण कामापुरती

*एका काट्यात दोन बिया.* त्यातली एक सहसा पुढच्याच पावसाळ्यात उगवते. दुसरी सुप्तावस्थेत राहून नंतरच्या हंगामात येते. म्हणून एका वर्षी शेत अगदी स्वच्छ केलं तरी पुढच्या वर्षी लांडगा दिसतोच. याचा अर्थ तुमची मेहनत वाया गेली असा होत नाही. सलग दोन-तीन हंगाम एकही काटा जमिनीत पडू दिला नाही, तर संख्या झपाट्यानं घटते.

*बी मोठं, म्हणून खोलवरून येतं.* माठ-तांदुळजाचं बारीक बी वरच्या थरातून उगवतं. लांडगा चार-सहा इंचांवरूनही वर येतो. पेरणीनंतर लगेच फवारायचं तणनाशक मातीच्या वरच्या थरात काम करतं, त्यामुळे पेंडिमेथालिनसारख्या औषधानं बाकीचं तण थांबतं आणि लांडगा मात्र निघतो. औषध बोगस होतं असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

*एकदाच उगवत नाही.* पहिल्या पावसाला एक लाट, मग प्रत्येक उघडिपीनंतरच्या पावसाला नवी. जुलैत निंदण केलं म्हणजे काम संपलं असं होत नाही.

*फुलणं रात्रीच्या लांबीवर.* अमेरिकी शास्त्रज्ञ हॅमनर आणि बॉनर यांनी १९३८ मध्ये याच झाडावर प्रयोग करून दाखवलं, की फुलोरा येण्यासाठी अखंड अंधाराचा काळ महत्त्वाचा असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं त्याचा अर्थ असा: भादव्यात रात्री मोठ्या होऊ लागल्या की उशिरा उगवलेलं वीतभर रोपही वाढ अर्धवट सोडून फुलतं आणि थोडे का होईना, काटे धरतं. ‘एवढंसं तर आहे, राहू द्या’ म्हणून सोडलेली हीच रोपं पुढच्या वर्षीचं बी पुरवतात.

*पाण्यावर तरंगतं.* काट्याच्या आत हवा असते. नाल्याच्या आणि यशोदा-वर्धा नद्यांच्या काठानं लांडग्याचे पट्टे दिसतात ते त्यामुळेच. २०२२ च्या जुलैसारखा पूर आला की काठावरच्या शेतांत गाळाबरोबर काटेही येतात. अशा शेतात पुढचे दोन पावसाळे जादा लक्ष द्यावं लागतं.

कोणत्या महिन्यात काय करायचं

- एप्रिल-मे: शेत, गोठा आणि खळ्याच्या जागेवरचे वाळलेले काटे झाडून गोळा करा. उकिरड्यात टाकू नका. शेणखताबरोबर तेच परत शेतात जातात. मोकळ्या, सुरक्षित जागी लहान ढीग करून जाळा किंवा दीड-दोन हात खोल खड्ड्यात पुरा.
- जून: पहिल्या पावसानंतर उगवलेलं तण वखराच्या पाळीनं मारून मग पेरणी करता आली, तर पहिली लाट पिकाआधीच संपते. पाऊस लांबलेल्या वर्षी हे जमत नाही. तेव्हा पेरणी उशिरा ढकलू नका.
- जुलै: दोन पानांपासून चार पानांपर्यंतचं रोप काढायला सर्वांत सोपं. डवरणीनं ओळींमधलं जातं, ओळीतलं हातानं निंदावं लागतं. कपाशीला पेरणीनंतरचे पहिले ६० दिवस आणि सोयाबीनला पहिले ३० ते ४५ दिवस तणाचा फटका सर्वाधिक बसतो. मजूर आणि पैसा मर्यादित असेल तर तो याच दिवसांत खर्च करा.
- ऑगस्ट, पोळ्यापर्यंत: पिकाच्या वर डोकं काढलेली झाडं सहज दिसतात. पावसानं माती ओली असताना उपटा. सोटमूळ पूर्ण निघतं. धुरे, पांदण आणि नाल्याचा काठही याच वेळी साफ करा.
- सप्टेंबर: ही शेवटची संधी. हिरवे काटे दिसत असतील तर झाड कापून तिथेच टाकू नका. उपटलेल्या झाडावरचे काटेही पुढे पिकू शकतात. पोत्यात भरून शेताबाहेर काढा.
- ऑक्टोबर ते उलंगवाडी: काटे तपकिरी होऊन गळतात. आता झाड हलवलं तरी काटे सांडतात, म्हणून फळं आधी खुडून पोत्यात घ्या आणि मग झाड काढा. हातमोजे वापरा, पानांमुळे काहींच्या कातडीला खाज सुटते.

ऑगस्टमध्ये उपटलेलं, फूल न आलेलं झाड ओळींमध्ये आच्छादन म्हणून टाकायला हरकत नाही. फळ दिसलं की हा पर्याय संपतो.

तणनाशक घ्यायचं असेल तर

मजूर मिळत नाहीत, पाऊस डवरणीला उसंत देत नाही, अशा वेळी तणनाशकाकडे वळावं लागतं. त्यात पैसे वाया जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

१. गवताचं औषध लांडग्यावर मारू नका. क्विझालोफॉप इथाइलसारखी औषधं फक्त अरुंद पानांच्या तणांवर चालतात. लांडगा रुंद पानांचा आहे. कपाशीत रुंद पानांच्या तणांसाठी पायरीथायोबॅक सोडियम, तर सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर हे नोंदणी झालेले पर्याय आहेत. डब्यासोबतच्या पत्रकात तुमच्या पिकाचं नाव, मात्रा आणि तणांची यादी छापलेली असते. ती वाचून किंवा वाचून घेऊनच डबा उचला.

२. तणाचं वय पाहा. उभ्या पिकातली ही औषधं दोन ते चार पानांच्या तणावर चालतात. गुडघ्याएवढा लांडगा त्यानं पिवळा पडतो, वाकतो आणि पुन्हा फुटतो. अशा वेळी मात्रा वाढवली तर नुकसान पिकाचंच होतं. झाड उपटणं हाच मार्ग उरतो.

३. आंतरपीक विसरू नका. पऱ्हाटीत किंवा सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील, तर दोन्ही पिकांना चालणारंच औषध हवं. दुकानात विचारताना शेतात काय काय आहे ते पूर्ण सांगा.

४. २,४-डी कपाशीच्या आसपास नको. धुऱ्यावरचा लांडगा त्यानं मरतो, पण पऱ्हाटी या औषधाला फार नाजूक आहे. वाऱ्यानं उडालेला फवारा किंवा न धुतलेल्या पंपातला अंशही पुरतो. पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, लांबट निघू लागली तर रोग समजून बुरशीनाशक मारत बसण्याआधी पंपाचा इतिहास तपासा. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळाच ठेवा.

५. ग्लायफोसेट आणि ‘चोरबीटी’. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या वाणाला भारतात लागवडीची परवानगी नाही. तरीही विदर्भात ते बियाणं चोरबीटी या नावानं फिरतं. त्याला बिल नसतं, पाकिटावरच्या मजकुराला जबाबदार कोणी नसतं, उगवण झाली नाही तर तक्रारीला आधार नसतो. ग्लायफोसेटबाबत केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केला होता. तुमच्या हंगामात कोणता नियम लागू आहे, ते घेण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून विचारून घ्या.

फवारणी करणाऱ्याच्या जिवाची काळजी यापेक्षाही मोठी आहे. वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उपाशीपोटी फवारू नका, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नका, हातमोजे-मास्क-चष्मा मजुरालाही द्या. भोवळ, उलटी किंवा अंधुक दिसणं सुरू झालं की काम थांबवा, कपडे बदलून अंग साबणानं धुवा, १०८ वर फोन करा आणि औषधाचा डबा किंवा पत्रक दवाखान्यात सोबत न्या.

गाजरगवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगा लांडग्याची पानंही खाताना आढळतो. पण त्याच्या भरवशावर राहून निंदण टाळता येत नाही.

काटे येतात कुठून, ते बंद करा

स्वच्छ केलेल्या शेतात काटे पुन्हा बाहेरून येतात. येण्याच्या वाटा चार:

- मेंढ्या आणि ढोरं. उन्हाळ्यात खतासाठी शेतात मेंढ्या बसवण्याची रीत चांगली आहे, पण लोकरीत अडकलेले काटेही तिथेच पडतात. कळप आधी कुठे चरत होता ते विचारा. मेंढ्या ज्या भागात बसल्या त्या जागेवर पावसाळ्यात खास नजर ठेवा. नाल्याकाठून आलेल्या बैलांच्या शेपट्या आणि अंग शेतात जाण्याआधी झाडून घ्या.
- मळणी यंत्र आणि हार्वेस्टर. सोयाबीनच्या हंगामात एकच यंत्र अनेक गावं फिरतं. तुमच्या शेतात उतरण्याआधी ते थांबवून झाडून घ्यायला सांगा. त्या दहा मिनिटांसाठी भाव ठरवतानाच अट घाला.
- कुटार आणि चारा. विकत घेतलेल्या कुटारात काटे दिसले तर ते वेगळे काढूनच गव्हाणीत टाका. जनावराच्या तोंडालाही ते इजा करतात.
- पाणी. नाल्यावरून किंवा कालव्यावरून पाणी घेत असाल, तर शेतात शिरणाऱ्या दांडाच्या तोंडाशी जाळी लावा आणि अडकलेले काटे दर पाण्याला काढा.

वेचणीच्या वेळी आणखी एक काम आहे. कापसात अडकलेला काटा म्हणजे काडीकचरा, आणि काडीकचरा म्हणजे जिनिंगवर भाव कमी. लांडगा असलेल्या ओळी आधी साफ करून घ्या, मग वेचणी लावा. वेचणाऱ्या बायांच्या बोटांनाही त्यामुळे इजा होत नाही, आणि वेचणी भरभर होते.

ढोरांना आणि माणसांना धोका

लांडग्याच्या बियांत आणि दोन दळांच्या कोवळ्या रोपात कार्बोक्सिअॅट्रॅक्टिलोसाइड नावाचं विष असतं. ते यकृतावर घाला घालतं आणि रक्तातली साखर एकदम उतरवतं. खरी पानं फुटत जातात तसं झाडातलं विषाचं प्रमाण कमी होतं, शिवाय मोठं झाड खरखरीत असल्यानं ढोरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. म्हणजे खरा धोका पहिल्या पावसानंतरच्या दोन-तीन आठवड्यांचा.

हाच काळ चाराटंचाईचा असतो. कुटार संपत आलेलं, गवत अजून आलेलं नाही आणि नाल्याकाठी मात्र लांडग्याची लुसलुशीत हिरवळ. गवळाऊ गाय असो की संकरित, भुकेल्या जनावराला ती चालते.

या लक्षणांकडे लक्ष द्या:

- चारा खाल्ल्यावर काही तासांपासून एक-दोन दिवसांत सुस्ती, खाणं बंद
- पाठ वाकवून उभं राहणं, चालताना झोकांड्या
- अंगाला झटके, मान मागे टाकणं, आडवं पडणं

हे दिसलं तर जनावराला सावलीत शांत ठेवा, पळवू नका, आणि तेल-ताक असं काही बळजबरीनं पाजू नका. झटक्यात ते श्वासनळीत जातं. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. या विषावर ठरावीक उतारा नाही, म्हणून पहिले तास मोलाचे. जनावरानं काय खाल्लं, त्याचं रोप डॉक्टरांना दाखवायला ठेवा. जनावराचा विमा असेल आणि ते दगावलं, तर पुरण्याआधी विमा कंपनीला कळवा, कानातल्या बिल्ल्यासह फोटो काढा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागा. तो नसेल तर दावा अडतो.

माणसांसाठीही हे रोप भाजी नाही. २००७ च्या पुरानंतर बांगलादेशच्या सिल्हेट भागात अन्नटंचाईत लोकांनी याच झाडाची कोवळी रोपं शिजवून खाल्ली. ७६ जणांना विषबाधा झाली आणि त्यातले १९ जण दगावले. तिथेही या भाजीला ‘घागरा शाक’ म्हणतात. पावसाळ्यात तरोटा, कुंजरू, घोळ खुडताना पोरांना आणि नव्यानं रानभाजी शिकणाऱ्यांना लांडग्याचं रोप मुद्दाम दाखवून ठेवा: दोन जाड, लांबट, गुळगुळीत दळं आणि बुडाशी काट्याचं टरफल.

‘औषधी आहे, विकता येईल का?’

दशमुळांतल्या लघुपंचमुळात येणारं गोखरू म्हणजे सराटा. खरेदीदार मागतो ते तेच. लांडग्याचे काटे गोखरू म्हणून दिले तर माल परत येतो, आणि औषधात मिसळले गेले तर कोणाच्या तरी जिवावर बेततं. चीनच्या पारंपरिक औषधात लांडग्याचं फळ वापरतात, पण ते प्रक्रिया करून आणि ठरावीक मात्रेत. घरगुती काढा म्हणून ते उकळू नका.

‘मग बर्डॉकच लावून पाहावं का?’

मुळीच्या भाजीला आणि औषधी चहाला मागणी आहे, असं सांगून बियाणं विकणारे ऑनलाइन भेटतात. देवळीच्या जमिनीत हा विचार करण्याआधी तीन गोष्टी तोलून पाहा.

- जमीन आणि हवा. लांब, सरळ मुळीसाठी खोल, भुसभुशीत, पाणी न धरणारी जमीन लागते. आपली काळी भारी जमीन पावसात चिकट आणि उन्हात भेगाळलेली. त्यातून हात-दीड हात लांब मुळी न तुटता काढणं कठीण. शिवाय हे थंड हवेचं झाड आहे, आणि वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो.
- बियाणं कुठून. परदेशातून बी मागवायला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. २००३ चा वनस्पती संगरोध आदेश तसं सांगतो. टपालानं गुपचूप आलेलं पाकीट कायद्यात बसत नाही, आणि त्यातून नवं तण शिरण्याची भीती वेगळीच.
- घेणार कोण. ‘माल आम्हीच घेऊ’ हे तोंडी आश्वासन पुरेसं नाही. सफेद मुसळीच्या आणि कोरफडीच्या लाटेत विदर्भातल्या अनेक कास्तकारांनी त्याची किंमत मोजली आहे. लेखी करार, ठरलेला भाव आणि खरेदीदाराचा पत्ता हाती नसेल तर पुढे जाऊ नका.

हौस म्हणून परसात खोल कुंडीत, हिवाळ्याच्या तोंडाला, देशातल्या परवानाधारक विक्रेत्याच्या बियांवर प्रयोग करायला हरकत नाही. पीक म्हणून त्यावर पैसे लावू नका.

तुमचे हक्क, आणि दाद कुठे मागायची

- बिल हा तुमचा हक्क आहे. कीटकनाशक कायदा १९६८ आणि बियाणे नियंत्रण आदेश १९८३ यांखाली परवानाधारक दुकानदारानं बिल देणं बंधनकारक आहे. बिलावर औषधाचं किंवा वाणाचं नाव, बॅच किंवा लॉट क्रमांक असायला हवा. तणनाशकाच्या डब्यासोबत मराठी माहितीपत्रक मागून घ्या.
- पुरावा जपा. रिकामा डबा, थोडं उरलेलं औषध, बियाण्याची पिशवी आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत ठेवा. फवारणीची तारीख वहीत लिहा.
- पिकाचं नुकसान झालं तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि पंचनाम्याची मागणी करा. बियाण्यासाठी तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती असते. शेजारच्या फवाऱ्यानं पऱ्हाटी आखडली असेल तर नवी पानं फुटण्याआधी फोटो काढा.
- शेतकरी हा ग्राहक आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.
- तांत्रिक सल्ला फुकट आहे. सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र तालुक्यातच आहे. रोप मुळासकट ओल्या कागदात गुंडाळून न्या, म्हणजे ओळख तिथेच होईल. किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१. मराठीत बोलता येतं.

पांदण आणि नाला कोणाचा?

स्वतःचं शेत साफ ठेवणाऱ्यांची रास्त तक्रार असते, की पांदणीवरचा आणि नाल्यावरचा लांडगा कोणी काढत नाही आणि दरवर्षी काटे तिथूनच येतात. यासाठी ग्रामसभा हे तुमच्या हातातलं साधन आहे. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. त्यातली १ मेची सभा नियोजनाला आणि १५ ऑगस्टची सभा प्रत्यक्ष कामाला सोयीची पडते, कारण तेव्हा लांडगा वाढलेला असतो पण काटा धरलेला नसतो.

मागणी मोघम ठेवू नका. कोणती पांदण, कुठून कुठपर्यंत, नाल्याचा कोणता काठ, काम पोळ्याच्या आधी की नंतर, उपटलेलं झाड टाकायचं कुठे, हे अर्जात लिहा. शेजारच्या चार-पाच कास्तकारांच्या सह्या घ्या. अर्ज सभेच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या, सभेत ठराव वाचून दाखवायला सांगा आणि ठरावाची प्रत मागा. नाल्याचा काठ दोन गावांच्या शिवेवर असेल तर वरच्या अंगाच्या गावातही हाच अर्ज द्या; पाणी तिकडून येतं, काटेही तिकडूनच येतात.